दोन भाषा, तीन लिप्या

१९०६ साली रशियन साम्राज्याच्या दोन कडांना दोन साप्ताहिकं निघाली. एप्रिलमध्ये तिफ्लिसला, म्हणजे आजच्या जॉर्जियाच्या राजधानीत, ‘मोल्ला नसरेद्दीन’ हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक सुरू झालं. नोव्हेंबरमध्ये विल्नाला, म्हणजे आजच्या लिथुआनियाच्या राजधानीत, ‘नाशा निवा’ सुरू झालं. पहिल्याची भाषा अझरबैजानी, दुसऱ्याची बेलारूसी. १९०५ च्या क्रांतीमुळे झारच्या सरकारला छपाईवरची पकड सैल करावी लागली होती, आणि त्या सवडीत साम्राज्यातल्या अनेक भाषांनी डोकं वर काढलं. या दोन साप्ताहिकांना आपापल्या भाषेच्या इतिहासात मानाचं पान आहे. पण दोन्ही जन्मली ती त्या त्या देशाच्या आजच्या सीमेपलीकडे.

‘मोल्ला नसरेद्दीन’चे संपादक जलील मम्मदगुलूझादे यांनी फारसी-अरबीने जड झालेली पंडिती भाषा बाजूला ठेवली आणि चहाच्या दुकानात माणसं बोलतात तशी भाषा छापायला घेतली. ऑस्कर श्मेर्लिंग यांच्यासारख्या चित्रकारांमुळे अक्षरओळख नसलेल्यालाही अंक कळायचा. मुल्ला, खान, लाचखाऊ अंमलदार, बायकोला मारणारा नवरा, कुणाचीच सुटका नसे. ‘नाशा निवा’चा सूर वेगळा होता. त्याचा वाचक खेड्यातला शेतकरी, आणि त्याच्या पानांवर यांका कुपाला आणि याकुब कोलास हे १८८२ सालचे दोन समवयस्क कवी घडत होते. त्याची अडचण वेगळीच होती. बेलारूसी बोलणारे कॅथलिक लॅटिन अक्षरं वाचत, ऑर्थोडॉक्स पंथाचे सिरिलिक. म्हणून १९१२ पर्यंत एकच मजकूर दोन लिप्यांत छापला जात असे.

या दोन भाषांची तुलना कुणी कशाला करावी, असा प्रश्न रास्त आहे. एक तुर्की कुळातली, ओघुझ शाखेची, तुर्कस्तानच्या तुर्कीची अगदी जवळची बहीण. दुसरी स्लाव्हिक कुळातली, रशियन आणि युक्रेनियनच्या ओळीत बसणारी. दोघींचं एकमेकींशी नातं नाही. पण दोघींनी एकाच साम्राज्यात दिवस काढले. १९१८ मध्ये दोघींच्या नावाने दोन महिन्यांच्या अंतराने प्रजासत्ताकं घोषित झाली, बेलारूसचं २५ मार्चला आणि अझरबैजानचं २८ मेला. दोन्ही अल्पायुषी ठरली आणि दोन्ही देश सोव्हिएत संघात गेले. दोघी कधी ना कधी अरबी, लॅटिन आणि सिरिलिक या तिन्ही लिप्यांत लिहिल्या गेल्या. आणि आज एक घराघरांत बोलली जाते, तर दुसरीला स्वतःच्या राजधानीत ऐकायला कान द्यावा लागतो. हा फरक कुठून आला, हा या व्याख्यानाचा विषय.

मराठी माणसाला या दोन्ही भाषा वाटतात तितक्या परक्या नाहीत. बेलारूसीत आगीला ‘अहोन’ म्हणतात, धुराला ‘दिम’, आकाशाला ‘नेबा’, भावाला ‘ब्रात’. अग्नी, धूम, नभ, भ्राता हे शब्द ज्याला माहीत आहेत त्याला निराळं काही सांगायला नको. ‘जाणणे’ या अर्थी बेलारूसीत ‘वेदात्स’ आहे. तो ‘विद्’ धातूच्या गोतातला. अझरबैजानीत वेगळीच ओळख निघते. दोस्त, दुनिया, बाझार, शॅहॅर, मेयदान, पॅर्दॅ, जवाब, हॅफ्तॅ. हे शब्द तिने फारसी आणि अरबीतून घेतले, मराठीनेही बहमनी आणि आदिलशाही दफ्तरांतून तेच घेतले. पहिलं नातं रक्ताचं, दुसरं शेजारपाजाऱ्यांचं. आणि रोजच्या व्यवहारात शेजारीच अधिक उपयोगी पडतात. शिवाय गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली हा ‘काराकोयुनलू’ तुर्कमानांच्या घराण्यातला. त्या घराण्याची राजधानी तब्रिझ, आणि त्यातला जहानशाह हा राजा ‘हकीकी’ या नावाने याच तुर्की भाषेत कविता करायचा.

व्याकरणाकडे वळलं की मराठी मध्ये उभी राहते आणि दोन्ही बाजूंना हात पोहोचतात. अझरबैजानीत ‘मॅन किताब ओखुयुराम’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’. शब्दांचा क्रम तोच, क्रियापद शेवटी. ‘एव’ म्हणजे घर, ‘एवलॅर’ म्हणजे घरं, ‘एवलॅरिमिझ’ म्हणजे आमची घरं आणि ‘एवलॅरिमिझदॅ’ म्हणजे आमच्या घरांत. एकामागून एक प्रत्यय चिकटत जातात आणि प्रत्येकाचं काम वेगळं, स्पष्ट असतं. त्यात स्वरांची शिस्तही आहे. ‘एव’चं अनेकवचन ‘एवलॅर’, पण ‘किताब’चं ‘किताबलार’. शब्दातला शेवटचा स्वर जिभेच्या पुढच्या भागातून निघत असेल तर प्रत्ययाचा स्वरही तसाच, मागून निघत असेल तर मागचा.

अझरबैजानीत लिंगाचं नावच नाही. तो, ती, ते तिन्हींसाठी ‘ओ’ हे एकच सर्वनाम. मराठी व्याकरणात ‘ती खुर्ची’ आणि ‘ते टेबल’ हे पाठ करताना रडकुंडीला आलेल्या परप्रांतीयांनी ही भाषा जरूर शिकावी. बेलारूसीत मात्र मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, आणि भूतकाळी क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलतं. ‘योन चिताऊ’ म्हणजे त्याने वाचलं, ‘याना चिताला’ म्हणजे तिने वाचलं. इथल्या ‘ला’वरून मराठी भूतकाळाशी नातं जोडायचा मोह होईल, तो आवरलेला बरा, कारण मराठीतला ‘ल’ प्राकृतातून वेगळ्या वाटेने आलेला आहे.

‘चिताऊ’च्या शेवटी जो ध्वनी आहे त्यासाठी बेलारूसीत खास अक्षर आहे. सिरिलिकमधल्या ‘उ’च्या डोक्यावर छोटी चंद्रकोर ठेवली की ते तयार होतं. रशियन जिथे ‘ल’ म्हणते तिथे बेलारूसी पुष्कळदा हा आखूड ‘उ’ म्हणते. पोलत्स्क शहरात २००३ मध्ये या अक्षराचं स्मारक उभारलं गेलं. अझरबैजानी लिपीचीही अशीच एक खूण आहे. इंग्रजी छोटा ‘ई’ उलटा केला तर जसा दिसेल तसं ते अक्षर, ‘बॅट’मधल्या ‘ॲ’सारख्या उच्चारासाठी. ते भाषेत इतक्या वेळा येतं की छापील पान लांबूनही ओळखता यावं. शिवाय अझरबैजानी लोक परकीय नावं उच्चाराप्रमाणे आपल्या अक्षरांत लिहितात. तुर्कस्तानचं वर्तमानपत्र शेक्सपिअरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं ठेवतं, बाकूचं बदलून टाकतं. देवनागरीत वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आता लिप्यांची कथा. अझरबैजानी शतकानुशतकं अरबी लिपीत लिहिली गेली. फुझुली आणि नसीमी यांची काव्यं त्याच लिपीत आहेत. पण या भाषेत नऊ स्वर आहेत आणि अरबी लिपीत स्वरांसाठी अक्षरं मोजकी. एकच लिहिलेला शब्द तीन-चार प्रकारे वाचता येई. तिफ्लिसला रशियन प्रशासनात दुभाष्याचं काम करणारे नाटककार मिर्झा फतअली आखुंदझादे यांनी १८५७ मध्ये लिपी सुधारण्याची योजना मांडली, १८६३ मध्ये ती घेऊन ते इस्तंबूललाही गेले. कौतुक झालं, काम झालं नाही.

काम झालं ते सोव्हिएत काळात. १९२६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकूला तुर्की भाषांच्या अभ्यासकांची पहिली परिषद भरली आणि लॅटिन लिपीचा पुरस्कार झाला. १९२९ च्या आरंभी अझरबैजानमध्ये ती सक्तीची झाली. तुर्कस्तानने लॅटिन स्वीकारली ती १९२८ मध्ये, म्हणजे बाकूत परिषद होऊन गेल्यावर. हे इस्तंबूलकर सहसा आठवत नाहीत. मग मॉस्कोचं मन बदललं. सगळ्या तुर्की भाषांना लॅटिन दिली तर त्या एकमेकींच्या आणि तुर्कस्तानच्या जवळ जातील, ही भीती होती. १९४० च्या आरंभी सिरिलिक आली. सोव्हिएत संघ विसर्जित होत असताना, २५ डिसेंबर १९९१ रोजी, पुन्हा लॅटिनचा कायदा झाला. प्रत्यक्ष सक्ती १ ऑगस्ट २००१ पासून. तोवर दहा वर्षं शीर्षक लॅटिनमध्ये आणि बातमी सिरिलिकमध्ये असा संसार चालला.

याचा हिशेब एका आयुष्यात मांडता येतो. १९१५ साली बाकूत जन्मलेला मुलगा मकतबात अरबी अक्षरं गिरवतो, चौदाव्या वर्षी लॅटिन शिकतो, पंचविसाव्या वर्षी सिरिलिक. तो शहात्तर वर्षांचा होतो तेव्हा नातवाचं पाठ्यपुस्तक पुन्हा लॅटिनमध्ये निघू लागतं, आणि मधल्या पन्नास वर्षांतली त्याची स्वतःची पुस्तकं नातवाला वाचता येत नाहीत. महाराष्ट्रात शाळांतून मोडी गेल्यावर ज्यांना पणजोबांच्या जमिनीचे कागद वाचायला जाणकार शोधावा लागला, त्यांना या अडचणीची थोडीफार कल्पना येईल. २००४ मध्ये अझरबैजान सरकारने अभिजात ग्रंथ लॅटिनमध्ये पुन्हा छापून ग्रंथालयांना देण्याचा आदेश काढला तो यासाठीच.

बाकूच्या परिसरात देवनागरीही आहे, हे इथे सांगायलाच हवं. शहराजवळच्या सुराखानी इथे जमिनीतून निघणाऱ्या वायूवर जळणाऱ्या ज्वालांभोवती भारतीय व्यापाऱ्यांनी मंदिर बांधलं. तिथल्या दगडी शिलालेखांवर ‘श्री गणेशाय नमः’ आजही वाचता येतं. हे व्यापारी बहुतेक मुलतान-सिंध-पंजाबकडचे, त्यामुळे कुणी मराठी अस्मितेचा झेंडा तिकडे नेऊ नये.

बेलारूसीची अरबी लिपीची गोष्ट त्याहून अनपेक्षित आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात लिथुआनियाच्या महाराजांनी तातार घोडेस्वारांना आपल्या मुलखात वसवलं. पुढच्या पिढ्या आपली तुर्की बोली विसरल्या, धर्म मात्र त्यांनी सोडला नाही. मग कुराणाचं विवरण, प्रार्थना, नीतिकथा, स्वप्नांचे अर्थ हे सगळं त्यांनी बेलारूसी आणि पोलिश भाषेत, पण अरबी अक्षरांत लिहून काढलं. या हस्तलिखितांना ‘किताब’च म्हणतात. ‘त्स’ आणि ‘द्झ’ हे ध्वनी अरबीत नाहीत, म्हणून त्यांनी जुन्या अक्षरांना टिंबं जोडून नवी घडवली. चर्चच्या लेखनिकांवर जुन्या धर्मभाषेचं दडपण असे; तातार लेखनिकांवर ते नव्हतं, कानाला आलं तसं त्यांनी उतरवलं. म्हणून त्या काळचे बेलारूसी उच्चार शोधायचे तर भाषाशास्त्रज्ञ मशिदीच्या दप्तराकडे वळतात.

त्या काळी या भाषेला दरबारी मानही होता. पोलत्स्कच्या फ्रान्सिस्क स्कारिना यांनी १५१७ पासून प्रागला बायबलचे भाग छापले. लिथुआनियाच्या महासंस्थानाचे १५२९, १५६६ आणि १५८८ चे कायदेग्रंथ रुथेनियन भाषेत आहेत, जिच्यावर बेलारूसी आणि युक्रेनियन दोन्ही आपला हक्क सांगतात. १६९६ मध्ये दफ्तराची भाषा पोलिश झाली. पुढे रशियन राज्य आलं. त्याविरुद्धच्या १८६३ च्या उठावाचे नेते कास्तुस कालिनोव्स्की यांनी शेतकऱ्यांसाठी बेलारूसीत, लॅटिन अक्षरांत गुप्त पत्रक काढलं. १८६४ मध्ये त्यांना विल्नात फाशी दिलं गेलं आणि या भाषेतली छपाई जवळजवळ थांबली.

सोव्हिएत राजवटीचं पहिलं दशक दोन्ही भाषांसाठी बरं गेलं. विसाच्या दशकात बेलारूस प्रजासत्ताकाच्या राजभाषा चार होत्या: बेलारूसी, रशियन, पोलिश आणि यिद्दिश. मिन्स्कच्या रेल्वे स्थानकावर गावाचं नाव चारही भाषांत होतं. १९३७ साली दोन्हीकडे सारखाच वरवंटा फिरला. बाकूत लॅटिन लिपीचे पुरस्कर्ते भाषाशास्त्रज्ञ बेकिर चोबानझादे यांना गोळ्या घातल्या गेल्या. मिन्स्कमध्ये २९ ऑक्टोबरच्या रात्री शंभराहून अधिक लेखक, शिक्षक, शास्त्रज्ञ मारले गेले. १९१८ मध्ये बेलारूसीचं प्रमाण व्याकरण लिहिणारे ब्रानिस्लाव तारास्केविच १९३८ मध्ये मारले गेले.

इथून पुढे वाटा फुटल्या. बेलारूसीची लिपी बदलली नाही, पण १९३३ मध्ये तिचं शुद्धलेखन बदलून रशियनच्या जवळ नेलं गेलं. देशाबाहेर गेलेल्या मंडळींनी तारास्केविचांचे नियम धरून ठेवले आणि एका भाषेच्या दोन लेखनपद्धती झाल्या. १९९१ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या ‘नाशा निवा’ने २००८ पर्यंत जुनीच पद्धत चालवली. अझरबैजानीची तर अक्षरं तीनदा उलटीपालटी झाली. म्हणजे ज्या भाषेचं घर सारखं पाडलं आणि बांधलं गेलं ती टिकली, आणि जिच्या फक्त दाराला नवा रंग दिला ती ओस पडू लागली.

कारण लिपीत नाही, अंतरात आहे. अझरबैजानी माणूस रशियन शिकला तरी ती दुसरी भाषा म्हणूनच शिकला. दोन्हींची घडणच इतकी वेगळी की एकीत दुसरी विरघळत नाही. घरात एक, कचेरीत दुसरी असा हिशेब जमला. बेलारूसी माणसाला रशियनकडे जायला पूल ओलांडावा लागत नव्हता, नुसता उतार होता. अर्धे शब्द सारखे, व्याकरण सारखं. खेड्यातून मिन्स्कच्या कारखान्यात आलेला कामगार एकेक शब्द बदलत गेला आणि आपण भाषा बदलली हे त्याला कळलंही नाही. या मिश्र बोलीला तिकडे ‘त्रास्यांका’ म्हणतात. भाषा जितकी सत्तेच्या भाषेच्या जवळ तितकी ती ‘अशुद्ध’ ठरवणं सोपं. अझरबैजानी बोलणाऱ्याला कुणी ‘तू चुकीचं रशियन बोलतोस’ म्हणू शकत नव्हतं. बेलारूसी बोलणाऱ्याला रोज म्हणत होते.

सत्तेनेही त्याला हातभार लावला. १९५८-५९ च्या शिक्षणसुधारणेने माध्यम निवडणं पालकांवर सोपवलं. बेलारूसमध्ये शहरी शाळा झपाट्याने रशियन झाल्या. अझरबैजानच्या नेतृत्वाने मात्र अंग चोरलं. पक्षप्रमुख इमाम मुस्तफायेव यांना १९५९ मध्ये पद गमवावं लागलं त्यात भाषेच्या धोरणाचाही वाटा होता. त्याआधीच, १९५६ मध्ये, अझरबैजानीला प्रजासत्ताकाच्या घटनेत राजभाषेचं स्थान मिळालं होतं आणि १९७८ च्या घटनेतही ते टिकलं. बेलारूसीला एकटीला ते १९९० च्या कायद्याने मिळालं आणि १९९५ च्या सार्वमतानंतर रशियनही बरोबरीला आली. १९९९ च्या जनगणनेत घरी बेलारूसी बोलणारे सुमारे ३७ टक्के होते, २०१९ मध्ये २६ टक्के. तरीही २०१९ मध्ये ५४ टक्क्यांनी तिला मातृभाषा म्हटलं. जी बोलत नाहीत तिला मातृभाषा म्हणणारी इतकी माणसं युरोपात दुसरीकडे क्वचितच सापडतील.

अंतराचा हा नियम उलटूनही तपासता येतो. इराणमध्ये अझरबैजानच्या प्रजासत्ताकापेक्षा जास्त अझरबैजानी भाषक राहतात, लिपी आजही अरबी-फारसी, शाळेचं माध्यम फारसी. तरी तब्रिझच्या बाजारात आणि घरांत तीच भाषा चालते, आणि फारसीत नाव कमावलेल्या शहरियार या कवीची सर्वांत लाडकी ठरलेली ‘हैदरबाबाया सलाम’ ही रचना आईच्या भाषेतली आहे. उलट, आता बाकूला ज्या भाषेची धास्ती आहे ती तुर्कस्तानची तुर्की. मालिका पाहून मुलं इस्तंबूलच्या धाटणीने बोलतात ही तिथल्या घरांतली नेहमीची तक्रार. तिकडेही पूल नाही, उतार आहे. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष एल्चिबेय यांच्या काळात राजभाषेचं नाव कायद्याने ‘तुर्की’ असं केलं होतं. १९९५ च्या घटनेने ते परत ‘अझरबैजानी’ केलं. महिन्यांची नावं मात्र तिथे अजून रशियन वळणाची, यानवार, फेव्राल, अप्रेल. बेलारूसीने तिथे आपलं कुंपण राखलंय: ऑगस्ट म्हणजे ‘झ्निवेन’, कापणीचा, नोव्हेंबर म्हणजे ‘लिस्तापाद’, पानगळीचा.

या सगळ्याचं सर्वांत नेमकं निदान भाषाशास्त्रज्ञांच्या आधी दोन नाटककारांनी केलं, आणि तेही दोनेक वर्षांच्या अंतराने. मम्मदगुलूझादे यांच्या १९२० च्या ‘आनामिन किताबी’ या नाटकात तीन भाऊ आहेत. एक पीटर्सबर्गला शिकलेला, एक नजफला, एक इस्तंबूलला. पहिला रशियन मिसळून बोलतो, दुसरा फारसी-अरबी, तिसरा उस्मानी तुर्की. एका घरात राहून त्यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, प्रत्येकाला आपलीच भाषा सुधारलेली वाटते. शेवटी बहीण गुलबाहार भावांची पुस्तकं जाळते.

यांका कुपाला यांच्या १९२२ च्या ‘तुतेइशिया’ (म्हणजे ‘इथलेच’) या नाटकाचा नायक मिकिता झ्नोसाक त्याहून चतुर आहे. मिन्स्कवर जर्मन येतात, बोल्शेविक येतात, पोलिश येतात. प्रत्येक फौजेबरोबर तो आपली भाषा बदलतो आणि नावही: रशियन वळणाचा ‘निकिती झ्नोसिलोव्ह’, मग पोलिश वळणाचा ‘निकित्सिउश झ्नोसिलोव्स्की’. मधूनमधून दोन पंडित वह्या घेऊन येतात. पूर्वेकडचा पंडित हे लोक रशियनच असल्याचं सिद्ध करतो, पश्चिमेकडचा पोलिश असल्याचं. लोकांना कुणी विचारत नाही. मम्मदगुलूझादेंचे भाऊ निदान भांडतात. मिकिता भांडतच नाही, उतरत जातो. दोन समाजांतला फरक या दोन पात्रांत जितका दिसतो तितका जनगणनेच्या तक्त्यात दिसत नाही.

‘तुतेइशिया’ १९२६ मध्ये रंगमंचावर आलं आणि लगेच बंद पडलं. १९९० मध्ये मिन्स्कच्या यांका कुपाला नाट्यगृहात मिकलाय पिनिहिन यांनी ते पुन्हा बसवलं. ऑगस्ट २०२० मध्ये निवडणुकीनंतरच्या निदर्शनांच्या काळात या नाट्यगृहाच्या संचालकांना काढून टाकलं गेलं, आणि बहुतेक नटसंचाने राजीनामे दिले. पुढच्याच महिन्यात याच नटांनी ‘कुपालाऊत्सी’ या नावाने ते नाटक पिनिहिन यांच्याच दिग्दर्शनाखाली यूट्यूबवर, बेलारूसीत, सर्वांसाठी खुलं केलं.